जावयाची चाकं पास झाली

जावयाने आणलेल्या वस्तूला सासऱ्यांनी ‘पास’ म्हटलं, आणि हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

माई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, त्या पुसतच राहिल्या. लेक सोफ्याच्या हातावर बसून नखं न्याहाळत होती. तिने मान वर केली नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी समाधानाचं हललं. जावई जमिनीवर गुडघे टेकून, सायकलचं काळंभोर चाक दोन्ही हातांनी उभं धरून बसला होता. तो पांढरा पडला.

“काय म्हणालात, बाबा?”

“पास. दोन्ही पास. झकास आहेत चाकं. न्या.”

“नीट वाजवून बघितलीत ना? म्हणजे, घाई काही नाही. हवं तर आणखी एकदा बघा.”

“मी एक वस्तू दोनदा वाजवत नसतो,” असं म्हणून सासऱ्यांनी आपली छोटी लाकडी हातोडी खिशात टाकली आणि वर्तमानपत्र घेऊन ते मागच्या अंगणात निघून गेले.

ही गोष्ट केवढी मोठी, हे त्या घराबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सासरे जन्मभर कपबशांच्या कारखान्यात मालाचे तपासनीस होते. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायचा, उजव्या हातातल्या हातोडीने टिचकीभर मारायचं आणि म्हणायचं, पास किंवा नापास. चांगला कप टणकन बोलतो, तडा असलेला थड् करतो. हे ज्ञान घेऊन ते निवृत्त झाले आणि हातोडीही बरोबर घेऊन आले. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, ‘तपासनीस’ म्हणत. कलिंगड, दार, पाण्याची टाकी, नवा डॉक्टर, काहीही समोर आलं की ते वाजवून बघत. नव्या डॉक्टरांना त्यांनी हातोडी मारली नव्हती, बोटांवर भागवलं होतं.

आणि जावयाने आणलेलं काहीही आजवर पास झालं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने प्रवासाची बॅग आणली, ती कडीपाशी नापास. मग खुर्ची आणली, ती मागच्या पायात नापास. भिंतीवरचं घड्याळ आणलं, तर तपासनीस म्हणाले, “वेळ बरोबर दाखवतंय, पण पोकळ आहे.” खुद्द जावयाच्याही पाठीवर त्यांनी पहिल्या भेटीत थाप मारली होती आणि आत जाऊन माईंना सांगितलं होतं, “मुलगा बरा आहे, पण खालच्या बाजूला जरा भरीव लागत नाही.” हे वाक्य जावयाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. बिचारा स्वभावाने गरीब, बँकेत बसून बसून पोट सुटलेला. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही असं तो सांगायचा. दर वर्षी सांगायचा.

तर अशा माणसाची चाकं पास झाली होती. आणि ती साधीसुधी चाकं नव्हती.

त्याचं असं झालं होतं की जावयाच्या साहेबांना पन्नाशीत सायकलचं वेड लागलं. एकट्या साहेबाला वेड लागून भागत नाही, ते हाताखालच्यांनाही लावून घ्यावं लागतं. दर रविवारी साहेब पुढे आणि अर्धी बँक मागे, अशी वरात निघू लागली. साहेबांच्या सायकलला कार्बनची चाकं होती, महागडी, परदेशी. जेवणाच्या सुट्टीत त्यांचं वजन किती कमी, वारा कसा कापतात, हे ऐकून ऐकून जावयाच्या तोंडून निघून गेलं, “मीही मागवलीत कार्बनची.” मागवली नव्हती. बोलून बसल्यावर मागवावी लागली. कधी न ऐकलेल्या ठिकाणाहून, ऐकून विश्वास बसू नये इतक्या स्वस्तात. खोक्यावर काय लिहिलं होतं ते कुणालाच वाचता येईना. बाजूला फुटक्या पेल्याचं चित्र तेवढं होतं.

“स्वस्त आणि महाग, दोन्ही बाहेरून सारखीच काळी असतात, आई,” जावयाने आल्या आल्या माईंना समजावलं होतं. “कापडासारखे थर असतात एकावर एक, राळेने चिकटवलेले. आतून ते नीट चिकटलेत की मध्ये पोकळी राहिलीये, हे देवाला ठाऊक. आणि राळ हलकी असली, तर लांब उतारावर ब्रेक दाबून दाबून रिम तापते आणि मऊ पडते. आणि मग...”

“आणि मग?”

“मग माणूस सायकलच्या आधी खाली पोचतो.”

येत्या रविवारी साहेब सगळ्यांना डोंगरावर नेणार होते. चढायचं आणि मग पलीकडच्या वळणावळणाच्या उताराने सुसाट खाली यायचं. म्हणून जावई चाकं घेऊन तपासनिसांकडे आला होता. आणि तपासनिसांनी रिमवर गोल फिरत टक, टक, टक करून म्हटलं होतं, पास.

लेक नवऱ्याला म्हणाली, “झालं ना समाधान? इतकी वर्षं कुरकुरत होतास. आता झाली पास, तर तोंड का पाडलंयस?”

“कुठे पाडलंय? आनंदच आहे हा,” जावई म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माईंना वाटलं, बिचारा भरून आलाय.

माईंना मात्र आनंद झाला नव्हता. कारण जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं. तपासनिसांना ऐकू येईनासं झालं होतं.

दोन हिवाळ्यांपासून माई ते झाकत होत्या. दाराची घंटा वाजली आणि तपासनीस ढिम्म बसून राहिले, की माई मुद्दाम म्हणायच्या, “जाऊ दे, तुम्ही बसा, मीच बघते.” फोनवर कुणी बोलत असलं की त्या टेबलाखालून पायाने खुणा करायच्या, एकदा हसायचं, दोनदा गंभीर व्हायचं. कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येत नव्हत्या, पाखरं तर केव्हाच मुकी झाली होती. गंमत अशी की हे तपासनिसांनी कबूल केलं नव्हतं आणि माईंनी विचारलं नव्हतं. ज्या माणसाचा कान हीच त्याची सगळी इस्टेट, त्याला ‘तुम्ही बहिरे झालात’ म्हणायचं कसं? आणि आता त्याच कानाच्या भरवशावर लेकीचा नवरा डोंगरावरून खाली येणार होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माईंनी पदर खोचला.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “हे म्हणतात ते खरंच असणार. पण माझ्या मनाचं समाधान म्हणून आपण चाकाची जरा ताकद बघू या का?”

लेक उसळली, “आई, तुला काय करायचंय? बाबांनी सांगितलंय ना!”

पण जावयाचा चेहरा एकदम उजळला. “का नाही? बघू या! आई म्हणतायत तर बघायलाच हवं!”

दोन स्टुलांवर चाक आडवं ठेवण्यात आलं. माईंचं वजन हा त्या घरात उघडपणे बोलण्याचा विषय नव्हता, पण प्रसंगच तसा होता. लेकीचा हात धरून त्या एका खुर्चीवर चढल्या आणि तिथून रिमवर.

“काही वाकतंय का?” माईंनी वरून विचारलं.

जावई जमिनीला गाल लावून खालून बघत होता. “नाही वाकत,” तो खिन्नपणे म्हणाला. “आई, जरा कडेला सरका ना. अजून. आता थोडी उडी मारता का?”

“अरे, तिला काय सर्कशीत घालतोयस?” लेक ओरडली.

“छोटीशीच, आई. तुमच्या मानाने.”

माईंनी छोटीशीच मारली. काडकन आवाज झाला. “मोडलं!” जावई आनंदाने किंचाळला. मोडलं होतं ते स्टुलाचं तंगडं. माई सोफ्यात, स्टूल आडवं, लेक माईंच्या पायाखाली, आणि चाक गोल गोल फिरत खोलीच्या मध्यभागी जाऊन शांतपणे आडवं झालं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. मागच्या अंगणात तपासनीस वर्तमानपत्राचं पान उलटत होते. घरात एवढा धडाका झाला तरी मान वळली नाही.

“आता ब्रेकचं बघू,” जावई कपाळाचा घाम पुसत म्हणाला. “तापवून बघू.”

सायकल स्वयंपाकघरात उलटी उभी करण्यात आली, कारण बाहेर शेजारी बघत होते. लेकीने तोंडाने शिव्या पुटपुटत हाताने पायडल फिरवायचं आणि जावयाने मध्ये मध्ये ब्रेक दाबायचा, असं ठरलं. चाक सूं सूं करत फिरू लागलं. जावई रिमपाशी नाक नेऊन हुंगत होता.

“येतोय का वास?” माईंनी विचारलं.

“अजून नाही. जोरात फिरव गं!”

“माझा खांदा निखळला तर तो कुणी पास करायचा?”

थोड्या वेळाने खरंच वास आला. करपल्याचा, खमंग, नाकात बसणारा. जावयाने ब्रेक सोडून टाळी वाजवली. “जळतंय! आई, जळतंय! वितळली राळ! मी म्हणत नव्हतो?” तो आनंदाने इतका नाचला की फिरतं पायडल त्याच्या पोटरीवर बसलं, तरी त्याने नाचणं थांबवलं नाही.

माईंनी शांतपणे मागे वळून गॅस बंद केला. दूध उतू जाऊन पातेल्याला लागलं होतं. चाकाला हात लावून पाहिला. कोमट होतं, तान्ह्या पोराच्या कपाळासारखं.

या वेळी मात्र माईंनी जावयाकडे जरा निरखून पाहिलं. चाक धडधाकट निघालं की हा माणूस पडेल चेहरा करतो आणि मोडलं म्हटलं की नाचतो, हे काय गौडबंगाल? पण पोटरीला हळद लावण्याच्या गडबडीत तो विचार तिथेच राहिला.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर गुरांचे डॉक्टर होते. म्हणजे पाटीवर ‘पशुवैद्य’ होतं, पण गुरं त्या रस्त्यावर फिरकत नसल्याने कुत्री, मांजरं आणि क्वचित एखादं कासव यांच्यावरच त्यांचं चालायचं. त्यांच्याकडे एक्सरेचं मशीन होतं. माणसांच्या दवाखान्यात सायकलचं चाक आत घेत नाहीत, हे जावयाने फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी माई, लेक आणि जावई तिथल्या बाकावर बसले. माईंच्या एका बाजूला गळ्यात प्लास्टिकचा कर्णा अडकवलेला कुत्रा होता, दुसऱ्या बाजूला टोपलीतलं मांजर, आणि मांडीवर चाक.

“पुढचा पेशंट!” डॉक्टरांनी हाक मारली. चाक बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. माणूस मोठा मिश्कील. “वय काय?”

“तीन आठवडे,” जावई म्हणाला.

“खाणं-पिणं?”

“फक्त हवा.”

“पडलं-बिडलं होतं का?”

“माझी सासू पडली होती. याच्यावर.”

“हं. म्हणजे इतिहास गंभीर आहे.” त्यांनी चाक टेबलावर आडवं केलं. “हालू नको रे बाबा,” असं चाकाला बजावून सगळ्यांना बाहेर काढलं.

फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, आणि तिघंही पुढे वाकली. मधला तुंबा होता. त्यातून निघालेल्या तारा होत्या, सूर्याच्या किरणांसारख्या. तारांच्या टोकांना बारीक बारीक ठिपके होते. आणि त्या ठिपक्यांच्या भोवती जिथे रिम असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. नुसता अंधार.

“रिमच नाहीये!” जावयाचा आवाज फुटला. त्याने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. “डॉक्टर, रिमच नाहीये याला! नापासाहून नापास! मला हे लिहून द्या. मोठ्या अक्षरात लिहून द्या!”

“अहो, थांबा,” डॉक्टर म्हणाले. “कार्बन एक्सरेत उमटतच नाही. किरण त्यातून आरपार जातात. माझ्या या टेबलाचा वरचा पत्रा त्याचाच आहे, म्हणून तर कुत्र्याच्या पोटात टेबल दिसत नाही. तारा बघा, किती सरळ. एकही वाकडी नाही. मला विचाराल तर प्रकृती उत्तम.” आणि त्यांनी चाकावरून मायेने हात फिरवला. “जंताचं औषध देऊ का?”

लेक म्हणाली, “बघ! इथेही पास. आता तरी घरी चल.”

जावई त्या उजेडाच्या पेटीसमोर असा उभा होता, की कुत्र्याने बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघून हलकेच विव्हळून दाखवलं.

एवढ्यावर भागलं असतं, तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण त्या कुत्र्याचे मालक साहेबांच्या शेजारी राहत होते. घरी पोचायच्या आत जावयाचा फोन वाजला. साहेबांचा आवाज असा खणखणीत, की फोन जावयाच्या कानाला आणि ऐकू सगळ्या जिन्याला.

“अरे, चाकाचा एक्सरे काढलास म्हणे! शाब्बास! याला म्हणतात शिस्त! आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नाही. ऐक, परवा उतारावर सगळ्यात पुढे तू. आम्ही सगळे तुझ्या मागे. ज्याच्या चाकाची खात्री, त्यानेच वाट दाखवायची. काय?”

“हो, सर,” जावई म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

शनिवारी संध्याकाळी लेक आणि जावई जेवायला आले. जावयाचं जेवणात लक्ष नव्हतं. ताटातल्या पावाचे तुकडे करून तो त्यांचा उतार रचत होता आणि वाटाणे त्यावरून सोडत होता. वाटाणे भराभर खाली येत होते आणि ताटाबाहेर जात होते. माईंना ते बघवेना. उद्या सकाळी हा वाटाणा डोंगरावरून सुटणार. नवऱ्याचा मान मोठा खरा, पण लेकीचं कुंकू... त्यांनी निर्धार केला. भांडी उचलायच्या निमित्ताने त्यांनी जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ मोठा सोडला.

“बापू, एक सांगते, ते पोटात ठेवा. तुमच्या सासऱ्यांना ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे चाक टण वाजलं की थड्, हे त्यांना कळलेलंच नाही. सवयीने ठोकलं आणि म्हणाले पास. तुम्ही उद्या जाऊ नका.”

जावयाने हातातल्या ओल्या ताटासकट माईंना मिठी मारली. “आई! देव पावला, आई! मला वाटलं माझं आता काही खरं नाही!”

“अहो, सोडा! तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाईट? अहो, मी चाकं त्यांच्याकडे आणली कशाला? मला उताराची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. घसरगुंडीवर चढून शिडीनेच परत खाली यायचो मी. पण साहेबांना हे सांगू कसं? म्हटलं, बाबांकडे न्यावीत. आजवर माझं काय पास केलंय त्यांनी? खुर्ची नाही, घड्याळ नाही, मी नाही. ते नापास म्हणतील आणि मी ऑफिसात मान वर करून सांगेन, सासरे जुने जाणते तपासनीस आहेत, त्यांनी मनाई केली. आणि नेमकं याच वेळी ते पास म्हणाले! सगळं आयुष्य पास व्हायला धडपडलो, आणि एकदाच नापास व्हायचं होतं, तर ते जमेना!”

“कोणाला ऐकू येत नाही?” दारातून आवाज आला.

नळ बंद करायचं भान कुणालाच राहिलं नाही. दारात तपासनीस उभे होते, त्यांच्या मागे लेक.

“अहो, तसं नाही...” माई पदराने हात पुसू लागल्या.

“मला ऐकू येत नाही, हे खरं आहे,” तपासनीस शांतपणे म्हणाले. “पण तुझं तोंड मला वाचता येतं. दोन हिवाळे तू टेबलाखालून लाथा मारतेयस, तेवढ्यात माणूस काहीतरी शिकतोच. आणि एक सांगू? मला कारखान्यातही ऐकू येत नव्हतं.”

“काय?”

“माझ्या टेबलाशेजारी माती दळायची गिरणी होती. दिवसभर घरघर. तिथे शेजारी तोफ डागली असती तरी कळली नसती. टण आणि थड् हे लोकांना सांगायला. मी बोटांनी ओळखायचो. चांगल्या कपाचा थरथराट बोटात चढतो, तडकलेल्याचा चढत नाही. मेलेला लागतो.” त्यांनी खिशातून हातोडी काढली. “आणा ते चाक.”

चाक आणलं. त्यांनी जावयाचं बोट धरून रिमवर टेकवलं. “डोळे मिटा.” टक. टक. टक. हातोडी गोल फिरत गेली आणि एका ठिकाणी थांबली. “कळलं?”

“हो!” जावई डोळे न उघडता म्हणाला. “इथे! अगदी मेलेलं! थंडगार!”

“हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. थर सुटलाय इथे.”

“मग पास का म्हणालात?” माई आणि जावई एकदम ओरडले.

तपासनिसांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. लेक भिंतीकडे बघू लागली.

“हिने आदल्या दिवशी फोनवर मेसेज करून दम दिला होता. अक्षरं मोठी करून, लिहून पाठवलाय दम. ‘तो काहीतरी घेऊन येतोय. या वेळी नापास म्हणालात तर पुन्हा तुमच्या घराची पायरी चढणार नाही.’”

“मला काय माहीत चाकं आणतोय ते!” लेक रडवेली झाली. “मला वाटलं, फुलदाणी असेल! इतकी वर्षं घरी आल्यावर रात्रभर कुढतो हा. म्हटलं, एकदा तरी म्हणावं बाबांनी चांगलं.”

“आणि पास म्हटल्यावर याचा जीव जाईल, हे नाही कळलं?” माईंनी नवऱ्याला विचारलं.

“डोंगराचं मला ऐकू कुठे आलं होतं? आणि तुम्ही सगळे इतके खूश दिसत होतात!” तपासनीस म्हणाले.

“मी खूश?” जावई म्हणाला. “मी रडत होतो!”

त्यानंतर चौघेही एकदम बोलू लागले, आणि ज्याला ऐकू येत नव्हतं तोच काय तो सुखात होता. शेवटी तपासनिसांनी लाल खडू घेतला आणि रिमवर, जावयाच्या बोटाच्या जागी, ठसठशीत फुली मारली. जावयाने त्या फुलीकडे अशा प्रेमाने पाहिलं, की तसं त्याने लग्नातही आपल्याकडे पाहिल्याचं लेकीला आठवेना.

लेक-जावई रात्री तिथेच राहिले होते, म्हणून रविवारी सकाळी साहेब स्वतः जावयाला न्यायला तपासनिसांच्या घरी आले. गाडीच्या टपावर सायकली, आत बँकेतले दोघे, सगळे घट्ट रंगीत कपड्यांत, भाजीच्या पिशवीत कोंबलेल्या भोपळ्यांसारखे. दारातच जावयाने त्यांना फुलीचं चाक दाखवलं.

“सर, शेवटच्या तपासणीत नापास झालं. थर सुटलाय. मला जाता यायचं नाही.”

“अरेरे!” साहेब म्हणाले. “तरी मी सांगत होतो, स्वस्तात जाऊ नये. माझी बघ, मूळ कंपनीची. यांना कोण नापास करणार?” आणि त्यांनी ऐटीत आपलं चाक काढून तपासनिसांसमोर धरलं. “बघा, काका.”

तपासनिसांनी साहेबांचे ओठ नीट वाचले. मग हातोडी जावयाच्या हातात दिली. “मी निवृत्त झालो. आता हे बघतात.”

जावई खाली बसला. डोळे मिटले. बोट टेकवून टक, टक, टक करत तो असा हळूहळू फिरत गेला, की बँकेतल्या दोघांच्याही माना चाकाबरोबर फिरत गेल्या. अर्ध्यावर तो थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. कपाळाला आठी घातली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“सर, बोट ठेवा इथे. काही लागतंय?”

साहेबांनी बोट ठेवलं. “नाही बुवा.”

“तेच तर. मेलंय.”

साहेबांनी पुन्हा बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू गंभीर जाणकारी पसरली. “हो. हो, खरंच. थंड आहे इथे.” बाकीचे दोघे तोवर आपापली चाकं काढून रांगेत उभे राहिले होते. तीही नापास झाली, एक एका जागी, दुसरं दोन जागी. डोंगराचा बेत रद्द झाला हे साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा माईंनी पाहिलं, की त्या तिघांपैकी एकाच्याही तोंडावर दुःखाची रेघ नव्हती. “वाचवलंस रे,” म्हणून साहेबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि ते सावलीतली खुर्ची ओढून तिच्यात जे पसरले, ते दुपारपर्यंत हलले नाहीत.

माई चहा टाकायला आत आल्या. पाठोपाठ जावई कप घ्यायला आला.

“बापू,” माई हळूच म्हणाल्या, “कमाल केलीत. एका संध्याकाळीत विद्या शिकलात. पण खरं सांगा, साहेबांची एवढी महागाची चाकं, खरंच मेली होती?”

जावयाने दाराकडे पाहिलं. मग माईंच्या कानाशी तोंड नेलं.

“काय माहीत, आई! मला बोटाला काही म्हणजे काही कळत नाही.”

“मग काल?”

“कालही नाही. बाबा जिथे थांबले, तिथे मी हो म्हणालो.” तो कप उचलून दारापर्यंत गेला आणि थबकला. “आई, पण बाबांना तरी खरंच कळतं ना?”

माईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात तपासनीस खुर्चीत पसरलेल्या साहेबांचं बोट धरून चाकावर टेकवत होते. दोघांचेही डोळे मिटलेले, चेहरे देवळात असावेत तसे.

“ते मला विचारू नका, बापू,” माई म्हणाल्या. “आमची पहिली भेट झाली ना, तेव्हा यांनी माझा हात असाच धरला होता. असेच डोळे मिटले आणि म्हणाले, पास. आता या वयात त्याची फेरतपासणी मला नकोय. चला, चहा निवतोय.”